कळांचं सलाइन

"कळ येईल, जाईल, मध्ये दम खायला उसंत मिळेल," कळांचं सलाइन लावताना सिस्टर म्हणाली होती. पण सारिकाला उसंतच मिळेना. एकीच्या पाठोपाठ दुसरी कळ कंबर मोडत येत होती. तिनं किंकाळी फोडली.

"ओरडू नकोस," उशाशी उभ्या सासूबाई खेकसल्या. "बाईच्या जातीनं सोसायचं असतं."

सारिकानं मान वळवली. सासूबाईंचा अंगठा सलाइनच्या नळीवरचं चाक हळूच फिरवत होता. थेंबांची धारच लागली होती.

"अमावास्या लागायच्या आत मोकळी हो, बाई!"

"माझं लेकरू गुदमरेल!" म्हणत सारिकानं तो हात ओढला आणि मनगटात कचकन दात रोवले. रक्ताची चव आली तरी सोडलं नाही. सासूबाईंच्या बोंबेनं सिस्टर धावत आली, तिनं सलाइन बंद केलं आणि पोटावर यंत्र टेकवलं. बाळाचे ठोके आधी अडखळले, मग घोड्यासारखे दौडू लागले.

सासूबाई अजून विव्हळत होत्या.

"ओरडू नका, आत्याबाई," सारिका ओठ पुसत म्हणाली. "सोसायचं असतं."

मग पुढची कळ आली, आणि सारिका जीव खाऊन ओरडली.