घासाला माणूस

इंदुताईंचं ताट वाढून झालं होतं आणि पहिला घास द्यायला माणूस मिळत नव्हता.

नेम साधा होता. आधी घराबाहेरच्या माणसाच्या तोंडी एक घास, मग आपलं जेवण. दुपारी तसा, संध्याकाळीही तसाच. संत तुकाराम नगरात त्यासाठी कधी उंबरा ओलांडावा लागला नव्हता. कुरिअरवाला असायचा, जिना झाडणारी कस्तुरा असायची. एकदा वीज तोडायला आलेला माणूस शिऱ्याचा घास खाऊन, पक्कड खिशात घालून मुकाट परत गेला होता. माणूस देव पाठवतो, असं इंदुताई म्हणायच्या. आजवर देवाचा खाडा झाला नव्हता.

पण आज गुरुवार. कंपनीला सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी त्यांच्या मुलानं, दिग्विजयनं, जगबुडीची मॉक ड्रिल ठेवली होती.

दिग्विजय चाकणला एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर होता. आगीच्या आणि गॅसगळतीच्या ड्रिल घेऊन त्याचं मन भरेना. उद्या शहर बंद पडलं, दुकानं लुटली गेली, नळ कोरडे झाले, तर घरच्यांना न्यायचं कुठं, हा त्याला घोर. शेवटी सयाजी नावाच्या एजंटनं त्याला भीमाशंकरच्या बाजूला एक दगडी घर दाखवलं. गाडी पायथ्याशी सोडून डोंगर चढावा लागायचा. मोबाइलला रेंज नव्हती. "इथं माणूस दृष्टीस पडला तर माझं नाव बदला, राव," सयाजी म्हणाला होता. आजची ड्रिल त्याच घरात होती, ती नीट पार पडली की सौदा पक्का होणार होता.

आल्या आल्या दिग्विजयनं आईला आणि बायकोला, दिव्याला, हेल्मेट घालून जांभळाखाली उभं केलं आणि डोकी मोजली. दोन भरली. मग त्यानं नियम सांगितला.

"गेटबाहेर गेला तो बाहेरचा. रडो, नाव सांगो, नातं सांगो. गेट उघडायचं नाही."

"तुम्ही असलात तरी?" दिव्यानं विचारलं.

"मी असलो तर मुळीच नाही. माझ्यामागं दहा जण दबा धरून बसलेले असतील."

दिव्यानं लोखंडी गेटची किल्ली कमरेला खोचली. "आणि जेवताना हेल्मेट काढलं तर चालेल ना?"

आता जेवणवेळ झाली होती. इंदुताईंनी रोजच्यासारखं आधी इन्सुलिन टोचून घेतलं, वरणभात कालवला आणि सवयीनं मान वर करून दाराकडं बघितलं. दारात नुसता डोंगर होता.

"आई, जेवून घ्या," दिव्या म्हणाली. "देव समजून घेईल."

"देव घेईल गं. घास मला गिळणार नाही."

"अगं, मी वर्षाचं धान्य भरून ठेवणार आहे इथं," दिग्विजय म्हणाला.

"भर की. पण ते खायचं कसं, तेही बघून ठेव."

इन्सुलिननं आपलं काम सुरू केलं. इंदुताईंच्या कपाळावर घाम आला, बोटं थरथरू लागली. दिव्यानं त्यांच्या हातात खडीसाखर ठेवली. त्यांनी ती मुठीत धरून ठेवली.

दिग्विजय पळत सुटला. माणूस नाही म्हणून निवडलेल्या डोंगरावर तो माणसाला हाका मारत हिंडला. "कोणी आहे का? जेवायला या." दरीनं त्याचं आमंत्रण जसंच्या तसं परत केलं. एका खडकावर वानर बसलं होतं. दिग्विजयनं घटकाभर त्याचाही विचार केला. वानरानं तोंड फिरवलं. सयाजीला नाव बदलायची गरज नव्हती.

तो परत आला तेव्हा गेटला कुलूप होतं.

"दिव्या, उघड लवकर."

"कोण?"

"अगं, मी."

"नाव सांगितलं तरी उघडायचं नाही म्हणालात. नातं तर सांगूच नका."

"ही चेष्टेची वेळ आहे का? कोणी भेटलं नाही. आईला काही झालं तर?" त्याचा आवाज फाटला. दिव्याचा हात कमरेकडं गेला.

"थांब गं," आतून इंदुताई म्हणाल्या.

भिंतीला धरत त्या ताट घेऊन बाहेर आल्या. गेटच्या गजांतून त्यांनी मुलाकडं बघितलं. घामेजलेला, धापा टाकणारा, सदऱ्याला काटे लागलेले.

"दिग्विजय, सकाळी काय म्हणालास? गेटबाहेर गेला तो कोण?"

"आई, ते ड्रिलपुरतं..."

"कोण?"

"बाहेरचा."

"मग आ कर."

गजांमधून थरथरता हात पुढं आला. दिग्विजयनं तोंड उघडलं. थोडं वरण हनुवटीवरून ओघळलं. इंदुताईंनी ते पदरानं पुसलं, हात जोडले आणि तिथंच पायरीवर बसून जेवायला सुरुवात केली. खडीसाखर पहिली तोंडात टाकली. हळूहळू बोटं स्थिर झाली. चेहऱ्यावर रंग आला. दिग्विजय गजांना धरून एकेक घास आत जाताना बघत राहिला. त्याच्या स्वतःच्या पोटात कावळे ओरडत होते.

ताट लख्ख झालं तेव्हा त्यानं सुस्कारा सोडला. "झालं ना? दिव्या, आता उघड."

दिव्यानं किल्ली काढली. इंदुताईंनी तिचा हात धरला.

"इतक्यात नको गं. मला संध्याकाळी परत जेवायचंय."