मागचा बाक

धाकट्याला कुठल्या बोटीत बसवायचं, यावरून काठावरच खोळंबा झाला. चारही मोटरबोटींची इंजिनं घुरघुरत होती आणि म्हाताऱ्याच्या नजरेला नजर द्यायला कुणी तयार नव्हतं.

"माझ्या बोटीत नको," म्हातारा म्हणाला.

डोंगरातल्या या नदीवरच्या निम्म्या बोटी त्यानेच बांधलेल्या. दर वर्षी सगळी टोळी मिळून वरच्या डोहापर्यंत जायची, दंगा करायची. दोन वर्षांपूर्वी थोरला बुडाला आणि सहल बंद पडली. आज त्याच्या आठवणीसाठीच सगळे पुन्हा जमले होते.

"बाबा, भाऊजी उद्या गाव सोडून कायमचे चाललेत," सून हळूच म्हणाली. "आज तरी बोला त्यांच्याशी."

"काय बोलू? ऐन वळणावर रेस सोडणाऱ्याशी?"

या बोटींना सुकाणू नसतं. मागून पाण्याचा झोत सुटतो, त्याच्या जोरावरच बोट वळते. रेस सोडली, झोत थांबला की चाक कितीही फिरवा, बोट सरळच जाणार. म्हाताऱ्याने दोन्ही पोरांकडून हे मिसरूड फुटायच्या आधीच घोकून घेतलं होतं. तरी धाकट्याने घात केला. सगळ्यांच्या मागे राहिलेल्या त्या बोटीत दोघे भाऊ आणि सून, तिघंच होती. बोट खडकावर आदळली, थोरला बाहेर फेकला गेला, तो हाती लागलाच नाही. "घाबरलो, बाबा," एवढंच धाकटा मान खाली घालून म्हणाला होता. त्या दिवसापासून त्याला घराचं दार बंद.

घरात उरले म्हातारा, सून आणि चिमुरडी नात. सून दिवसभर गाडी शिकवण्याच्या शाळेत नवशिक्यांपुढे घसा फोडायची आणि संध्याकाळी येऊन त्याला आग्रह करून जेवायला घालायची. तिच्या जिवावर तर तो तगून होता. तिचा शब्द त्याला मोडवेना.

"चालव तूच," शेवटी तो धाकट्याला म्हणाला आणि शेजारी बसला. "ये गं पुढे. तिघांना जागा आहे."

"मी मागेच बरी आहे, बाबा."

पोरीने नदीची धास्ती घेतलीय, म्हाताऱ्याला वाटलं. त्याला फार वाईट वाटलं.

बोटी निघाल्या. मग ते वळण आलं, समोर तोच काळा खडक. म्हाताऱ्याने डोळे गच्च मिटले.

"रेस सोडा! सोडा रेस!" मागून सून किंचाळली.

धाकट्याने रेस दाबूनच धरली. फेस उडवत बोट अलगद वळली आणि डोहात शिरली. मागोमाग बाकीच्या आल्या. एकेक इंजिन बंद झालं.

म्हाताऱ्याने डोळे उघडून मागे राहिलेल्या खडकाकडे पाहिलं.

"इतकी सफाई आहे हाताला," तो म्हणाला. "मग त्याच दिवशी काय झालं होतं रे तुला?"

"घाबरलो, बाबा."

म्हाताऱ्याचा हात त्याच्या पाठीवर गेला. दोन वर्षांनी गेला.

"उद्या कुठे जाऊ नकोस. घरी चल."

मागे सून हमसून हमसून रडत होती. धाकट्याने वळून तिच्याकडे पाहिलं आणि मानेनेच तिला नको म्हटलं.

"बाबा," ती म्हणाली, "त्या दिवशी ते दोघे भाऊ मागच्या बाकावर होते."