अठरावं कलम

"'पद आज दुपारी बारापासून रिक्त होईल.' होईल?" लोर्ना क्विग्लीने करारातून मान वर काढली. "फोनवर तर तुम्ही म्हणालात, पद रिकामंच आहे."

वेन ऑस्ट्रँडरने पेनाचं टोपण काढून पेन तिच्यापुढे सरकवलं. तो कॉलेजचा क्रीडासंचालक. सकाळपासून त्याने फारसं ताणून धरलं नव्हतं. तीन वर्षांची चार वर्षं केली, सहायक प्रशिक्षक तिच्या पसंतीचे घ्यायला हो म्हणाला, मध्येच सोडून गेल्यास भरायची रक्कमही निम्म्यावर आणली. बाहेर आयोवातला मार्च, पार्किंगमध्ये काळवंडलेल्या बर्फाचे ढीग. आत पायांखालची जमीन हलकीशी थरथरत होती. खाली कोर्टवर चेंडू आपटत होते.

"बारा वाजायला असा कितीसा वेळ राहिलाय?" वेन म्हणाला.

"मग खाली सराव कोण घेतंय?"

"हार्लन."

हार्लन बेट्स. मुलींच्या बास्केटबॉल संघाचा एकोणीस वर्षांपासूनचा प्रशिक्षक.

"त्यांना माहीतच नाही?"

"साडेअकराला सराव संपला की सांगणार. त्याआधी तुमची सही हातात असलेली बरी. तो गेला आणि तुम्हीही ऐनवेळी नाही म्हणालात, तर मी लोकांना काय तोंड दाखवू?"

लोर्ना उठली. खिडकीपर्यंत गेली, परत आली, खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. टेबलावरचा तिचा फोन थरथरला. नवऱ्याचा निरोप होता: 'झालं का?' तिने फोन पालथा घातला.

"एक कलम वाढवा," ती म्हणाली. "मला काढायचं ठरेल, तेव्हा दुसऱ्या कुणाला फोन लावायच्या आधी मला सांगायचं."

वेन हसला. "असलं कुणी लिहून देत नसतं, लोर्ना. गाडी मागा. गाडी देतो."

"गाडी आहे माझ्याकडे."

"हे बघा, माझ्या यादीत अजून दोन नावं आहेत."

"मग त्यांना लावा फोन. पण त्याआधी खाली जाऊन या."

वेनने चष्मा काढून डोळे चोळले. "तुम्ही एक्केचाळीस वर्षांच्या आहात. बारा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढलीत. हेड कोच म्हणून तुम्हाला आजवर कुणी विचारलेलं नाही. मी विचारतोय."

हे वर्मी लागलं. काहीतरी सणसणीत बोलावं असं तिच्या तोंडावर आलं, पण खोटं त्यात काहीच नव्हतं. टेबलावरचं पेन उचलून तिने उगाच मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं.

"खाली जाऊन या," ती एवढंच म्हणाली. "मग बोलू."

वेनने करार गोळा केला, काखेत मारला आणि दार आपटून गेला.

आता करारही गेला होता. लोर्ना आतल्या बाजूच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिथून सगळं कोर्ट दिसे. बारा-तेरा मुली दोन रांगांत धावत होत्या. कडेला राखाडी केसांचा, पोट सुटलेला एक माणूस टाळ्या वाजवून त्यांना घाई करत होता. वेन त्याच्याजवळ गेला. दोघं भिंतीकडे सरकले. हार्लनने दोनदा मान हलवली. मग त्याने वर खिडकीकडे पाहिलं.

मागे सरावं असं तिला फार वाटलं. ती सरली नाही.

हार्लन वळला आणि शिटी वाजवून ओरडला. काचेतूनही ते स्पष्ट ऐकू आलं. "थांबलात का? पुन्हा! पहिल्यापासून!"

वेन वर आला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम होता.

"काय म्हणाले?"

"म्हणाला, सराव अजून पंचवीस मिनिटं आहे." त्याने करार टेबलावर टाकला. "लिहा काय लिहायचंय ते. एकदाचं संपवू."

सतराव्या कलमाखाली थोडी जागा होती. लोर्नाने तिथे दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या. वेनने त्या वाचल्या, नाक मुरडलं आणि बाजूला सही केली. तरी तिचा हात पुढे होईना. ती येरझारा घालत राहिली. थोड्या वेळाने खालचे आवाज थांबले.

दारावर टकटक न करताच हार्लन आत आला. मानेवर टॉवेल होता.

"सही केलीस?" त्याने थेट तिलाच विचारलं.

"अजून नाही."

"चार वर्षं?"

"चार."

"मलाही चारच दिली होती." तो तिच्या खुर्चीत बसला. "या खिडकीतून मीही खाली बघितलं होतं. खाली माझ्याआधीची कोच, रूथ, सराव घेत होती. तिला काही माहीत नव्हतं. मी सही करून मोकळा झालो, आणि मागच्या जिन्याने उतरलो."

वेन कागद नीटनेटके करू लागला. तो तेव्हा इथे नव्हता.

"नंतर कधी भेटल्या त्या?" लोर्नाने विचारलं.

"दर नाताळात कार्ड पाठवायची. वारली तोवर." हार्लनने हात पुढे केला. "वेन खाली कलमाचं बोलला. दाखव बघू, काय लिहून घेतलंस."

खिशातून चष्मा काढून तो तिचं अक्षर लावत बसला. ओठ हलत होते. शेवटपर्यंत वाचून त्याने कागद तिच्याकडे परत सरकवला.

"तारीख घाल," तो म्हणाला. "तारीख नसली की ही माणसं विसरतात."

लोर्नाने तारीख घातली. मग सही केली.