कोणाची हरकत आहे का?

"कोणाची हरकत आहे का?" बाईंनी इंग्रजीत विचारलं.

शहराच्या कचेरीतून त्यांच्यासोबत आलेल्या सिरेलीने ते आमच्या फिजीच्या बोलीत सांगितलं. कोणी हूं की चूं केलं नाही. चर्चच्या पत्र्याच्या हॉलमध्ये सगळी वस्ती चटयांवर बसली होती आणि सगळ्यांच्या नजरा खाली होत्या. वस्तीचे प्रमुख आपेनिसाकाका, तेही तोंडात गुळणी धरून बसले होते.

सिरेलीची आई वासिती बायकांच्या घोळक्यात होती. तिला मनातून बरं वाटलं. आता कळेल बाईला! आमच्याकडे पाहुणा यांगोनाची, म्हणजे मानाच्या पेयाची, मुळं घेऊन आला, मान राखून खाली बसला, की त्याच्या तोंडावर नाही म्हणायचं नसतं. पटलं तर टाळ्या वाजवायच्या, 'विनाका' म्हणायचं. नाही पटलं तर गप्प बसायचं. शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. आणि आज म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून सगळे गप्प होते. एवढा मोठा नकार या हॉलमध्ये कधी झाला नव्हता.

"म्हणजे सगळे तयार आहेत!" बाई म्हणाल्या. शहराच्या कामासाठी न्यूझीलंडहून आलेली साधी, मनाने चांगली बाई. तिचे डोळे खरोखर भरून आले.

 वासितीने सिरेलीकडे पाहिलं. बोल ना रे, सांग ना तिला! सिरेली बाईंच्या शेजारी मान खाली घालून बसला होता.

शहराने वस्तीसाठी मोठी योजना काढली होती. डोंगरापलीकडे पक्की घरं, घरात नळ, रस्त्यावर दिवे, कोपऱ्यावर दवाखाना. इथल्या झोपड्या पाडून खाडीच्या काठाने बाग होणार होती. ऐकायला सगळं छान. पण डोंगरापलीकडे खाडी नव्हती. वासितीचा सगळा जन्म ओहोटीला तिवरांत उतरण्यात गेला. खांद्यापर्यंत हात चिखलात घालायचा, चिंबोऱ्या काढायच्या, नांग्या बांधायच्या आणि बाजारात जाऊन बसायचं. नवरा बोटीवर गेला तो परत आलाच नाही, तेव्हा याच चिखलाने सिरेलीला वाढवलं, शिकवलं, टाय लावून शहराच्या कचेरीत बसवलं. नव्या घरातल्या नळाला काय चिंबोऱ्या येणार होत्या?

बैठक मोडली. बाहेर पडल्या पडल्या शेजारची मेरेसेइनी तिच्या अंगावरच आली.

"काय गं, तुझं पोर झोपलं होतं काय तिथं? हे नाही म्हणतायत, एवढं सांगता येईना त्याला?"

"वडीलधाऱ्यांसमोर कसा बोलेल तो? लाजला असेल."

"लाजला म्हणे! टाय लावला की लाजतात होय?"

"माझ्या पोराला काही बोलू नकोस, सांगून ठेवते," वासिती कडाडली. "त्याला नसेल जमलं, तर मी सांगते बाईला. जाऊन तोंडावर सांगते."

मेरेसेइनी बघतच राहिली. पाहुणीला तोंडावर नाही म्हणायचं? वासितीला स्वतःलाच मेल्याहून मेल्यासारखं होत होतं. पण आज गप्प राहिलं तर खाडी गेली, बाजार गेला, सगळंच गेलं. तिने हात झग्याला पुसले आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या गाडीकडे निघाली. सिरेली पुढच्या सीटवर जाऊन बसला होता. आईला येताना बघून त्याने काच वर केली. उकडत असेल, आत थंड हवा लावली असेल, असं तिला वाटलं.

"बाई, एक सांगायचं होतं," ती आपल्या बाजारातल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली. "आमच्यात माणूस गप्प बसला ना..."

"तुम्ही सिरेलीच्या आई ना?" बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले. "अहो, कधीपासून भेटायचं होतं तुम्हाला! तुमचा मुलगा नसता तर हे काम झालंच नसतं. पलीकडच्या वस्तीत मी आपली विचारत राहिले, कोण कोण तयार आहे? कोणी बोलेचना. सगळं अडून बसलं. मग यानेच सांगितलं, मॅडम, तसं नका विचारू. हरकत कोणाची आहे, असं विचारा. आणि बघा, एका बैठकीत सगळी वस्ती तयार! तुमची फार काळजी आहे हो त्याला. म्हणतो, आईला एकदाचं त्या चिखलातून बाहेर काढायचंय."

वासितीने गाडीच्या काचेकडे पाहिलं. असं विचारलं की काय होणार, हे बाईला माहीत नव्हतं. सिरेलीला माहीत होतं. मोठ्यांसमोर गप्प बसायचं, हे तिनेच तर त्याला मांडीवर घेऊन शिकवलं होतं.

आता तोंड उघडलं तर वस्ती वाचत होती. बाई वाईट नव्हती, तिने ऐकलं असतं, पुन्हा बैठक बोलावली असती. मग पोराची नोकरी गेली असती आणि वस्तीतल्या एकाही घरात त्याला कोणी चटई दिली नसती. काचेआड सिरेली समोर बघत होता. लहानपणी ताप आला की बसायचा, तसा अंग चोरून बसला होता. तिला त्याचा राग आला, भयंकर राग आला. आणि त्याच्यासाठी जीवही तुटला.

मागे चर्चच्या फाटकाशी मेरेसेइनी आणि बाकीच्या बायका आशेने बघत उभ्या होत्या.

"तुम्ही काहीतरी सांगत होतात ना?" बाईंनी विचारलं.

"काही नाही हो," वासिती म्हणाली. "वाटेत त्याला जेवायला घाला. सकाळपासून पोटात काही नाही त्याच्या."