पहिलं खाचर

"रिपोर्ट उघडू का?" डॉक्टर संध्याताईंनी विचारलं.

"उघडा," भिवाजी म्हणाला आणि त्यानं डोळे मिटले.

खालापूरच्या त्या दवाखान्यात पंखा सोडून काही हलेना. भिवाजीच्या टाचेवरचा काळा डाग कॅन्सरचा निघाला होता. मुंबईच्या इस्पितळात तो कापून झाला. पण तो आतल्या आत पुढं सरकलाय का, हे बाहेरून बघून कळत नाही. म्हणून डागाजवळ निळं औषध टोचलं, आणि ते जांघेतल्या ज्या ग्रंथीत सगळ्यात आधी उतरलं, ती काढून तपासायला दिली होती.

हे शास्त्र भिवाजीनं कडावच्या पारावर सगळ्यांना शिकवलं होतं. "वरच्या खाचरातलं पाणी आधी कुठं उतरतं? खालच्या खाचरात. त्यात घाण नसंल, तर पुढची खाचरं कशाला उकरायची?" त्या औषधानं दोन दिवस लघवी हिरवी झाली, हे मात्र तो न विचारता सांगायचा. निम्मं गाव त्याला टाळू लागलं होतं, ते आजारामुळं नव्हे.

"पहिली ग्रंथी साफ आहे, काका. पसरलेला नाही."

भिवाजीनं एकच डोळा उघडला. "पुन्ना सांगा."

"साफ!"

इंदूबाईनं डोळ्याला पदर लावला आणि मोकळ्या हातानं नवऱ्याच्या पाठीत धपाटा घातला. "बघा! आनि बारा दिवस मला झोपू दिलं नाय."

"मावशी, पहिल्या दिवशी तुम्ही तर मलाच वेड्यात काढलं होतं," डॉक्टर हसल्या.

"मग काय! भातकापणीनं टाचा फुटतात. दिवाळीत माज्या भेगांना बिब्बा लावला, उरला तो ह्यांच्या टाचेला फासला. मला वाटलं, त्याचाच डाग."

"बिब्ब्याचा डाग कातडीबरोबर दोन महिन्यांत निघून जातो. यांचा मार्च उजाडला तरी जाईना, म्हणून तर पकडला."

"उरलंसुरलंच देते मला, चाळीस वर्षं," भिवाजी म्हणाला. आज त्याला त्याचंही कौतुक वाटत होतं.

कडावपर्यंत टमटममध्ये चढणाऱ्या प्रत्येकाला तो "साफ हाय" म्हणून सांगत राहिला. एकाला वाटलं, गटारं.

दारात शेजारच्या अंबूबाईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मे महिन्याच्या उन्हात अंगण तापलं होतं, पण भिवाजीला आत जायचंच नव्हतं. लंगडत जाऊन त्यानं बादली आणि वजरी आणली.

"बस गं हितं पायरीवर. दोन महिनं माजी टाच तू धुतलीस. आज तुजे पाय मी धुनार."

"लाज सोडली काय?"

"डॉक्टरनं सांगितलं, सगळं साफ. आता लाज कशाला!"

अंबूबाई हसत आळीला बोलवायला पळाली. भिवाजी मांडी ठोकून बसला. इंदूबाईची डावी टाच त्यानं वजरीनं घासून लख्ख केली, दाखवायला वर उचलली. मग उजवी धरली. घासली. पाणी ओतलं. पुन्हा घासली.

"आवं, किती घासाल?" इंदूबाई पाय ओढत हसली. "दिवाळीतला बिब्बा हाय तो, असा निघायचा नाय."