खाणीचं तळं

"गेली! दिसेनाशी झाली," दोरी हातात धरून तो म्हणाला. "तळं हातचं गेलं बघ."

दोरीच्या टोकाला ताटाएवढी पांढरी चकती होती. ती पाण्यात सोडायची. जितकी खोल जाऊन दिसेल, तितकं पाणी नितळ. जुन्या दगडखाणीत साचलेल्या या तळ्याचा तो राखणदार. नेहमीचा नावाडी तापानं पडलेला, म्हणून आज वल्ही बायकोच्या हातात होती.

गेले काही महिने चकती वरच्यावरच नाहीशी होत होती. त्यानं जंग जंग पछाडलं. माशांना पाव टाकणाऱ्यांशी भांडला, काठावर गाड्या धुणाऱ्यांना पिटाळलं, पाण्यात हवा सोडणारा पंप दिवसरात्र चालवला. तरी पाणी आपलं गढूळच. आता पोहायला बंदी घालावी लागणार, म्हणून काल तो नीट जेवलाही नव्हता.

"इतकी माणसं पोहायला येतात गं. कोणत्या तोंडानं सांगू?"

तिला राहवलं नाही. वल्ही सोडून ती वाकली. खाली चकती लख्ख दिसत होती, तिच्यावरचे ओरखडेसुद्धा.

ती बोलणार होती, पण नजर त्याच्याकडे गेली. शर्टाची बटणं वरखाली लागलेली. दाढीत राहून गेलेले खुंट. वय झालं म्हणून ती रोज हसण्यावारी न्यायची.

"दोरी सोडा अजून."

"कशाला? काही दिसत नाही."

"मला दिसतंय."

त्यानं सोडली. "आता?"

"दिसतंय."

दोरी संपली.

"अजून दिसतंय," ती हलकेच म्हणाली.

त्यानं डोळे चोळले, पुन्हा पाण्यात पाहिलं, पुन्हा चोळले. आता हे खचणार, या धास्तीनं तिनं त्याचा गुडघा धरला.

"म्हणजे तळं ठणठणीत आहे?"

"ठणठणीत."

"माझं मन राखायला नाही ना सांगत?"

"तुमचं मन राखायचं असतं, तर गढूळ आहे म्हटलं असतं."

त्याला ते कळायला एक क्षण लागला. मग तो इतक्या मोठ्यानं हसला की बोट हलली.

"हुश्श! जीव टांगणीला लागला होता गं माझा," तो म्हणाला. "डोळ्यांचं काय एवढं? ते दोन आहेत. तळं एकच."

"डॉक्टरांना दोन्ही दाखवायचे आहेत," ती म्हणाली, आणि तिनं बोट काठाकडे वळवली.