शुक्रवारची नावं

सकाळचे सहा पंचवीस झाले तसे सचिननं इअरफोन कानात कोंबले आणि वरच्या बेडवर भिंतीकडे तोंड करून पडला. आज रंगनाथचं नाव यायलाच हवं होतं. एवढा एक शुक्रवार.

"क्या रे सचिन," खालच्या बेडवरून जहूर ओरडला, "मंगल को हनुमान, जुम्मे को ईसा मसीह? एक पे टिक ना!"

"सो जा, जहूर."

जहूरला काय माहीत? तो ज्या बेडवर पडला होता तो रंगनाथचा. कतारमधल्या बिरकत अल अवामेरच्या मजूर-वस्तीतल्या या खोलीत आठ बेड. रंगनाथ गेला आणि चौथ्या दिवशी कंपनीनं त्याची गादी झटकून जहूरला आणून टाकलं. फुटबॉलच्या वर्ल्डकपला चार वर्षं उरली होती, बेड रिकामा ठेवून चालत नव्हतं.

रंगनाथ साळवे, वेल्डर, वय एकोणतीस. स्टेडियमवर लागोपाठ डबल ड्युटी केली, रात्री जेवून झोपला आणि सकाळी उठला नाही. कागदावर 'नैसर्गिक मृत्यू' असं लिहिलं. एकोणतीस वर्षांचा, रेड्यासारखा धडधाकट माणूस नैसर्गिक मेला! लिहायला दोन मिनिटं लागली असतील. बॉडी घरी पाठवायचे कागद व्हायला सहा आठवडे लागले.

त्याची बहीण अंबिका संगमनेरला असायची. तिनं पहिल्याच दिवशी फोनवर सांगून टाकलं होतं, "सचिनभाऊ, बॉडी दारात येईपर्यंत आईला कळू द्यायचं नाही. तिचं हृदय अधू आहे. तेवढं शुक्रवारचं नाव सांभाळा."

रंगनाथच्या आईची, पारूबाईची वाडी अकोले तालुक्याच्या डोंगरात. तिथं मोबाइलला रेंज नाही, पण रेडिओ लागतो. आणि त्या रेडिओवर 'आशातारा' लागायचं. नगरच्या एका बंगलीत, भिंतींना घोंगड्या ठोकून मराठी ख्रिस्ती माणसांनी सुरू केलेलं केंद्र. आधी टेपची रिळं जहाजानं परदेशी जायची आणि तिथून आवाज परत येऊन नगर जिल्ह्यातल्या वाड्यावस्त्यांवर उतरायचा. नंतर रिळं गेली, कॅसेट गेल्या, नेट आलं. एक गोष्ट तेवढी बदलली नाही. दर शुक्रवारी दूर गेलेल्यांची नावं वाचली जायची. नाव, मुलूख आणि शेवटी एक शब्द. 'रंगनाथ साळवे, कतार, खुशाल.' तेवढं ऐकून पारूबाई आठवडा काढायची.

रंगनाथ मेल्यावरही पाच शुक्रवार तो खुशाल होता. सचिन दर गुरुवारी केंद्राला मेसेज टाइप करायचा. मागच्या वेळी तर त्यानं एक भजनही मागितलं होतं. वेल्डिंग करताना रंगनाथ नेहमी शीळ घालायचा ते, बेथलेहेमचं, झांजांचं. म्हातारी खूष होईल, एवढंच त्याच्या डोक्यात. केंद्रावर नावं वाचणाऱ्या मधुमामांनी नाव वाचलं, क्षणभर अडखळले आणि म्हणाले, "हे गीत आज नको, पुढे कधीतरी ऐकू." वेळ संपली असेल, असं सचिनला वाटलं.

बॉडी उद्या निघणार होती. आणि आज केंद्राचा शेवटचा दिवस होता. ऐकणारे उरले नाहीत, असं विश्वस्तांनी ठरवलं होतं. ऐकणारे म्हणजे ज्यांच्या हातात मोबाइल आहे ते. पारूबाई त्यांच्या मोजणीत नव्हती.

साडेसहाला नेटवरून मधुमामांचा आवाज आला. बेचाळीस वर्षांपूर्वी पहिलं वाक्य याच माणसानं उच्चारलं होतं. आता आवाजाला खोकला लागला होता. घोंगड्या, रिळं, पावसात भिजलेली श्रोत्यांची पत्रं, सगळं त्यांनी सांगितलं. मग नावं सुरू झाली. दुबई. मस्कत. कुवेत. कतारची तीन नावं आली.

रंगनाथ आला नाही.

सचिन उठून बसला. मेसेज गेला नव्हता का? गेला होता. निळ्या खुणासुद्धा झाल्या होत्या. डोंगरातली म्हातारी रेडिओला कान लावून बसली असेल आणि तिला...

"एक पोस्टकार्ड राहिलंय," मधुमामा म्हणाले. "आमच्या पारूबाई साळव्यांचं. चर्चच्या पाळकांच्या हातून लिहून घेतलंय."

सचिननं इअरफोन बोटांनी आत दाबले.

"'मधुभाऊ, सलाम. आज माझ्या रंगनाथचं नाव वाचू नका. मागच्या शुक्रवारी त्याच्या नावानं नाताळचं भजन मागितलं कोणीतरी. तो उत्तम शुक्रवार होता, आपल्या प्रभूच्या मरणाचा दिवस. माझं पोरगं लहानपणापासून त्या दिवशी पाण्याचा थेंब घेत नव्हतं, ते झांजा कशाला मागेल? तेव्हाच समजले. पोरगं माझं या जगात राहिलं नाही. जो कोणी त्याचं नाव पाठवतोय, तो आपल्यातला नाही. पण मला जगवायला पाठवतोय. आज त्या लेकराचं नाव वाचा. त्याचीही आई कुठंतरी असेल. नाव ठाऊक नसलं तर घडीभर थांबा. त्याचं तो म्हणेल.'"

मधुमामा थांबले.

इअरफोनमध्ये नुसती खरखर. खाली जहूर घोरत होता. बाहेर कंपनीची बस हॉर्न मारत होती.

"सचिन आंधळे," तो हळूच म्हणाला. "कतार."

पुढचा शब्द त्यानं सहा वेळा मेलेल्या माणसासाठी लिहिला होता. स्वतःसाठी तो तोंडातून निघेना.